ग्रब सारखा ‘अननोन फाइलसिस्टिम’ म्हणतोय? फॉरमॅट मारायच्या आधी एवढं तपासा

ग्रब म्हणजे मशिन सुरू होताना लिनक्सला उठवणारा छोटा प्रोग्राम, आणि फाइलसिस्टिम म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत. ग्रब अडला की आधी स्क्रीनचा फोटो काढा. लाइट येऊन मशिन पुन्हा सुरू झालं की संदेश निघून जातो, आणि मग फोनवर “काहीतरी इंग्रजीत आलं होतं बे” एवढंच हातात उरतं. तुमचं लक्षण खालच्यांपैकी कुठलं आहे ते ठरवा.

- काळ्या स्क्रीनवर ‘एरर: अननोन फाइलसिस्टिम’ किंवा ‘नो सच पार्टिशन’, खाली ‘ग्रब रेस्क्यू>’.
- ‘एरर: सिम्बॉल ... नॉट फाउंड’, खाली तेच ‘ग्रब रेस्क्यू>’.
- नुसतं ‘ग्रब>’, मेन्यू नाही.
- मेन्यू येतो, पण लिनक्स निवडलं की ‘(इनिटरॅमएफएस)’ असा कंस लुकलुकत बसतो. वर बहुतेक ‘यूयूआयडी ... डझ नॉट एक्झिस्ट’ किंवा ‘रन एफएससीके मॅन्युअली’ लिहिलेलं असतं (यूयूआयडी हा पार्टिशनचा ओळखक्रमांक, एफएससीके ही फाइलसिस्टिम तपासायची आज्ञा).
- मेन्यू येतो, मग ‘कर्नल पॅनिक’, आणि त्यात ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’.
- ग्रबचा पत्ताच नाही, थेट ‘नो बूटेबल डिव्हाइस’.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सोलापुरात त्याच्या आगेमागे बऱ्याच जुन्या मशिनांवर उबुंटू, मिंट, डेबियन बसलं: चादर-टॉवेलवाल्यांच्या बिलिंगच्या टेबलावर, क्लासेसमध्ये, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या ऑफिसांत. ही मशिनं मी सांभाळतो आणि वरची यादी मला पाठ झाली आहे. शेजारी यंत्रमागांच्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज हलतं, यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली असते आणि तिच्यावर शेंगा चटणीचे डबे ठेवलेले असतात. यातल्या बहुतेक मशिनांत डेटा जागेवर असतो. तो जातो तो नंतर, कुणीतरी घाईने फॉरमॅट मारल्यावर.

ग्रबला दिसत नाही म्हणजे डिस्कवर नाही, असं का नाही

ग्रब दोन तुकड्यांत राहतो. पहिला डिस्कच्या अगदी सुरुवातीला. जुन्या पद्धतीच्या बायॉस मशिनांत पहिला सेक्टर ५१२ बाइटचा असतो, त्यात बूटच्या कोडला मिळतात ४४६ बाइट. त्यात काहीच मावत नाही, म्हणून ग्रबचा गाभा त्याच्या मागच्या, पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या रिकाम्या पट्ट्यात बसतो. दुसरा तुकडा, म्हणजे मेन्यू, सेटिंग आणि बाकीची मॉड्यूल्स, लिनक्सच्या फाइलसिस्टिममध्ये /बूट/ग्रब या फोल्डरात असतो. पहिल्याला दुसऱ्यापर्यंत पोचायचं तर फाइलसिस्टिम वाचता यायला हवी, आणि तोवर कर्नल (लिनक्सचा मूळ प्रोग्राम) सुरूच झालेलं नसतं. म्हणून ग्रब ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस (हे फाइलसिस्टिमचे प्रकार) वाचायचा स्वतःचा छोटासा कोड सोबत बाळगतो. कर्नलच्या ड्रायव्हरशी त्याचा संबंध नाही. कर्नलला जे कळतं ते सगळं त्याला कळेलच असं नाही. तो जर्नलही (बदल आधी टिपून ठेवायची फाइलसिस्टिमची वही) चालवत नाही, आणि हे पुढे फार कामाला येणार आहे.

गेटवरच्या वॉचमनला गोदामाची चिठ्ठी वाचता आली नाही म्हणून आतला माल चोरीला गेला, असं होत नाही. इथंही तसंच.

नव्या पद्धतीच्या यूईएफआय मशिनांत पहिला तुकडा वेगळ्या, बूटसाठी राखलेल्या ईएसपी पार्टिशनवर असतो. ती फॅट३२ असते, कारण बहुतेक मदरबोर्डच्या फर्मवेअरला (त्यावरच्या कायमच्या प्रोग्रामला) तेवढीच वाचता येते. बाकी कथा तीच.

आता तपासण्या. फुकटच्या आधी.

१. सगळे पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क, कार्ड रीडर काढा

हसू नका. बायॉस कधीकधी यूएसबीला पहिली डिस्क धरतो. मग ग्रबच्या लेखी एचडी० ही तुमची हार्ड डिस्क नसून टॅलीच्या बॅकअपचा पेन ड्राइव्ह असतो. सगळं काढा, मशिन पूर्ण बंद करा, पुन्हा सुरू करा. ‘नो सच पार्टिशन’ आणि ‘नो बूटेबल डिव्हाइस’ या दोन्हींत आधी हेच करतो.

२. बायॉसमध्ये जाऊन घड्याळ बघा

तारीख काही वर्षं मागची दिसली की मदरबोर्डवरचा सेल संपला. सीआर२०३२ नावाचा तीन व्होल्टचा बटन सेल; इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो, किरकोळ पैशांत. सेल संपलेल्या मशिनचा मेन स्विच बंद झाला की बायॉसची सेटिंग कारखान्यातून आली तशी होतात. त्यात तीन गोष्टी बिघडतात.

एक, बूटचा क्रम किंवा लेगसी-यूईएफआय मोड बदलतो आणि ग्रब सापडतच नाही.

दोन, डिस्कचा मोड (मशिनने डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून रेडकडे जातो. हे ओळखायला अवघड. ग्रब डिस्क वाचतो ती फर्मवेअरमार्फत, त्यामुळे मेन्यू व्यवस्थित येतो. लिनक्सचं कर्नल मात्र डिस्कशी स्वतः बोलतं, आणि काही लॅपटॉपांत रेड मोडमध्ये त्याला एनव्हीएमई डिस्क (नव्या पद्धतीची एसएसडी) दिसतच नाही. मग ‘यूयूआयडी डझ नॉट एक्झिस्ट’. मोड परत एएचसीआय केला की संपलं. (त्याच डिस्कवर विंडोज असेल आणि ते रेड मोडमध्येच बसवलेलं असेल, तर मोड बदलल्यावर विंडोज उठणार नाही. आधी विचारून घ्या.)

तीन, घड्याळ मागे गेल्यामुळे ईएक्सटी४ ला आपण शेवटचे भविष्यात माउंट झालो (म्हणजे वापरासाठी जोडले गेलो) होतो असं वाटतं, आणि कधीकधी तपासणी तिथेच अडते.

एखादं मशिन दर सुट्टीनंतर, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेनंतर किंवा दिवाळीनंतर, हमखास बूट होत नसेल तर दुसरं काही बघूच नका. सुट्टीत ऑफिसचा मेन स्विच बंद असतो. सेल बदला.

३. साटा केबल

जुन्या डेस्कटॉपमध्ये केबल काढून, दुसऱ्या खाचेत, जमलं तर दुसरी केबल घेऊन बसवा. मागांच्या शेजारच्या ऑफिसात कापसाची धूळ आत भरते आणि थरथरीने जोड ढिले होतात. डिस्क एकदा दिसते, एकदा नाही, असं होत असेल तर संशय पक्का करायची सोय आहे: स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९९ क्रमांकाची ‘सीआरसी एरर’ची ओळ. तो आकडा वाढत असेल तर बहुतेक दोष केबलचा, डिस्कचा नाही. स्मार्ट कसं बघायचं ते पाचव्या तपासणीत आहे.

४. रेस्क्यूमध्ये हाताने बूट करून बघा

खर्च शून्य, आणि चुकलात तरी डिस्कवर काही लिहिलं जात नाही, त्यामुळे निर्धास्त करा. आज्ञा इथं देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या.

‘एलएस’ लिहा. (एचडी०) (एचडी०,जीपीटी१) (एचडी०,जीपीटी२) अशी यादी येईल. मग प्रत्येकाला विचारा: ‘एलएस (एचडी०,जीपीटी२)’. उत्तर ‘फाइलसिस्टिम इज ईएक्सटी२’ असं आलं तर घाबरू नका, ग्रब ईएक्सटी४ लाही तेच नाव देतो. सगळीकडे ‘अननोन’ आलं तर थेट पाचव्या तपासणीवर जा.

लिनक्सचं पार्टिशन सापडलं की:

सेट प्रिफिक्स=(एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब
सेट रूट=(एचडी०,जीपीटी२)
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

/बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर मार्गातून ‘/बूट’ गाळा, नुसतं /ग्रब. फेडोरा असेल तर फोल्डरचं नाव ग्रब२.

मेन्यू आला म्हणजे दोन्ही तुकडे शाबूत आहेत, फक्त पहिल्याला दुसऱ्याचा पत्ता चुकीचा माहीत आहे. हे होतं ते पार्टिशनचे क्रमांक सरकल्यामुळे. विंडोज मोठ्या अपडेटमध्ये कधीकधी स्वतःसाठी नवं रिकव्हरी पार्टिशन पाडतं, किंवा कुणीतरी डी ड्राइव्ह काढून टाकतं, आणि पाचचं पार्टिशन सहाचं होतं. ग्रबच्या गाभ्यात मात्र पाच कोरलेलं असतं.

लिनक्स सुरू झालं तरी काम संपलेलं नाही, हाताने दिलेला पत्ता फक्त तेवढ्या वेळेपुरता आहे. टर्मिनलमध्ये, बायॉस मशिन असेल तर ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’, यूईएफआय असेल तर नुसतं ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल’, आणि मग ‘सुडो अपडेट-ग्रब’. एसडीए, एसडीए१ नाही. आपण डिस्कवर बसवतोय, पार्टिशनवर नाही. फेडोरात यूईएफआय मशिनवर ही आज्ञा देऊ नका, तिथं ग्रब आणि शिमची (सिक्युअर बूटसाठी ग्रबच्या आधी चालणारा प्रोग्राम) पॅकेजं डीएनएफ या फेडोराच्या साधनाने पुन्हा बसवायची.

५. लाइव्ह पेन ड्राइव्हने सुरू करा, पण आधी डिस्कची तब्येत

लाइव्ह म्हणजे ज्यावरून लिनक्स डिस्कवर न बसवता थेट चालतं असा. पेन ड्राइव्ह शक्यतो त्याच आवृत्तीचा किंवा नवा घ्या. खणात पडलेला चार-पाच वर्षांपूर्वीचा नको, कारण खाली येतंय.

सुरू झाल्यावर पहिलं काम: ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए’. साटा डिस्कच्या अहवालात ५ (रीअलोकेटेड), १९७ (पेंडिंग) आणि १९८ (अनकरेक्टेबल) या ओळींचा शेवटचा आकडा बघा. तिन्ही शून्य असतील तर पुढे चला. १९७ शून्यापेक्षा जास्त असेल तर थांबा, दुरुस्तीची कुठलीच आज्ञा देऊ नका, आणि या लेखाच्या शेवटी जा. खराब सेक्टरवर दुरुस्ती चालवली की ती वाचता न आलेल्या जागा तुटक्या समजून फाइली बाजूला फेकत सुटते.

६. नुसतं माउंट करा आणि अनमाउंट करा

लाइट जाऊन बंद पडलेल्या मशिनांत मला सगळ्यात जास्त यश याच पायरीने दिलं आहे, आणि ती बहुतेक जण ओलांडून जातात.

कारण असं. लिनक्स अपडेट होतं, नवं कर्नल येतं, ग्रबची सेटिंगची फाइल नव्याने लिहिली जाते. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस हे बदल आधी जर्नलमध्ये टिपतात आणि मग सवडीने मूळ जागी नेतात. त्या दोन्हींच्या मध्ये लाइट गेली, तर खरी माहिती जर्नलमध्ये आणि मूळ जागी अर्धवट, अशी स्थिती राहते. लिनक्सला याचं काही वाटत नाही, माउंट करताना ते जर्नल चालवून हिशेब जुळवतं. पण लिनक्स सुरू व्हायला ग्रब हवा, आणि ग्रब जर्नल चालवत नाही. त्याला सेटिंगची फाइल रिकामी दिसते किंवा दिसतच नाही, आणि तो ‘ग्रब>’ वर येऊन बसतो. एक्सएफएसवर हे जास्त बघायला मिळतं.

म्हणून लाइव्हमध्ये ‘एलएसबीएलके -एफ’ ने पार्टिशन ओळखा, ‘सुडो माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी’ करा, फोल्डर उघडून फाइली दिसतात का बघा, त्याच वेळी बिलिंगचा डेटा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या, ‘सुडो यूमाउंट /एमएनटी’, आणि रीस्टार्ट. अनेकदा एवढ्यावर मेन्यू परत येतो. ग्राहकाला वाटतं आपण काहीच केलं नाही, पैसे कशाचे!

७. ‘रन एफएससीके मॅन्युअली’ असेल तर

नेटवर सगळीकडे ‘एफएससीके -वाय’ (सगळ्या दुरुस्त्यांना हो) द्या असं लिहिलेलं असतं. मी आधी ‘-एन’ देतो, म्हणजे फक्त बघा, हात लावू नका. पार्टिशन माउंट नसताना, आणि सहावी पायरी झाल्यावरच: जर्नल चालवायचं बाकी असताना ‘-एन’ दिलं तर ते जर्नल वगळून तपासतं आणि नसलेल्या चुकाही दाखवतं.

चार-दोन ओळींच्या तक्रारी असतील तर ‘-वाय’ बेलाशक द्या. पडदाभर ओळी धावत सुटल्या तर आधी डेटा काढा.

‘फीचर_सी१२’ हे आधार नसलेलं फीचर आहे, नवीन ई२एफएससीके आणा, असा संदेश आला तर तुमचा पेन ड्राइव्ह जुना आहे. फाइलसिस्टिम बिघडलेली नाही, तपासणारा मागे पडलाय. नव्या आवृत्तीच्या पेन ड्राइव्हने हीच पायरी पुन्हा करा. एक्सएफएसला एफएससीके चालत नाही, त्याला ‘एक्सएफएस_रिपेअर’ आहे, तेही आधी ‘-एन’ लावून.

८. /बूट भरलं आहे का

कर्नल पॅनिक आणि अननोन-ब्लॉक(०,०) असेल तर. वेगळं /बूट लहान असलं की जुनी कर्नलं साठत जातात, नव्याची इनिटआरडी फाइल (सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर असलेली) अर्धीच लिहिली जाते किंवा तयारच होत नाही. तिच्याशिवाय कर्नलला डिस्कचा ड्रायव्हर मिळत नाही. मेन्यूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचं कर्नल निवडा, सुरू होईल. मग ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ ने जुनी काढा आणि ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’. नवीन मशिनला मी /बूट एक जीबीपेक्षा कमी ठेवत नाही.

९. ग्रबला न समजणारी फाइलसिस्टिम

चौथ्या पायरीत ‘अननोन’, पण लाइव्हमध्ये तेच पार्टिशन झक्क उघडतं? मग कारण बहुतेक हे.

ई२एफएसप्रॉग्स (ईएक्सटी४ बनवायची-तपासायची साधनं) याच्या १.४७.० पासून (फेब्रुवारी २०२३) नव्याने बनवलेल्या ईएक्सटी४ मध्ये ‘मेटाडेटा_सीसम_सीड’ हे फीचर आपोआप चालू असतं. मूळचा ग्रब २.०६ ते ओळखत नाही आणि सरळ ‘अननोन’ म्हणतो. काही वितरणांनी आपल्या २.०६ मध्ये ठिगळ लावलंय, डिसेंबर २०२३ च्या २.१२ मध्ये ते मुळातच आहे. म्हणजे नव्या लाइव्हमधून पार्टिशन बनवून त्यावर जुनी सिस्टिम आणून टाकली, की फसलात. ‘सुडो डम्पई२एफएस -एच /डेव्ह/एसडीए२’ च्या ‘फीचर्स’ ओळीत ते नाव दिसतं का बघा. दिसलं तर, माउंट नसताना, ‘सुडो ट्यून२एफएस -ओ ^मेटाडेटा_सीसम_सीड /डेव्ह/एसडीए२’. इथला ‘ओ’ इंग्रजी मोठा.

बाकीचे झटपट: एक्सएफएसच्या नव्या साधनांनी बनवलेल्या डिस्कचं ‘एनआरईएक्सटी६४’ २.०६ ला कळत नाही. बीटीआरएफएसवर झेडएसटीडी कॉम्प्रेशन असेल तर किमान २.०४ हवा. कूटबद्ध एलयूकेएस२ डिस्क २.०६ ला उघडता येते, पण आर्गॉन२ पद्धतीची किल्ली असेल तर नाही. झेडएफएसची मोजकीच फीचर्स ग्रबला येतात, बीकॅशएफएस येतच नाही.

या सगळ्यांवर माझा एकच उपाय: /बूट वेगळं, साधं ईएक्सटी४, आणि ते सिस्टिमच्याच इन्स्टॉलरने बनवलेलं. मुख्य पार्टिशनवर मग काय हवी ती हौस करा. ग्रबऐवजी सिस्टिमडी-बूट हा दुसरा बूट प्रोग्राम वापरणाऱ्यांना हा प्रश्नच येत नाही, कारण तो कर्नल फर्मवेअरला वाचता येणाऱ्या पार्टिशनवरूनच उचलतो. पण तो फक्त यूईएफआयवर चालतो, आणि आपल्याकडची निम्मी डेस्कटॉप बायॉसवालीच.

१०. ग्रब नव्याने बसवणं, आणि तो पुन्हा का बिघडतो

लाइव्ह कुठल्या मोडमध्ये सुरू झालंय ते आधी बघा: /सिस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर असेल तर यूईएफआय. डिस्कवरची सिस्टिम ज्या मोडची, त्याच मोडमध्ये लाइव्ह हवं, नाहीतर भलत्याच जातीचा ग्रब बसतो. मग मुख्य पार्टिशन /एमएनटी वर, त्यात वेगळं /बूट असेल तर ते आणि /बूट/ईएफआय माउंट करा, डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ‘माउंट --बाइंड’ ने जोडा, ‘सुडो सीएचरूट /एमएनटी’, आणि आत चौथ्या पायरीतल्याच इन्स्टॉलच्या दोन आज्ञा (आत तुम्ही रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजरच असता, सुडो नको).

‘एम्बेडिंग इज नॉट पॉसिबल’ आणि ‘ब्लॉकलिस्ट्स आर अनरिलायबल’ आलं तर ‘--फोर्स’ लावून पुढे जाऊ नका. त्या पद्धतीत ग्रब फाइलचे ब्लॉक क्रमांक पाठ करून ठेवतो, फाइल हलली की गेला. बायॉस मशिनवर जीपीटी (नव्या पद्धतीच्या पार्टिशन-तक्त्याची) डिस्क असेल तर एक एमबीचं ‘बायॉस बूट’ पार्टिशन बनवा, ग्रबला बसायला जागा मिळते.

दर दोन-तीन महिन्यांनी तेच, आणि संदेश ‘सिम्बॉल नॉट फाउंड’? मग मला एकच प्रश्न विचारायचा असतो: जुन्या हार्ड डिस्कचा क्लोन (हुबेहूब प्रत) करून एसएसडी बसवली का? डेबियन-उबुंटूचं ‘ग्रब-पीसी’ पॅकेज कुठल्या डिस्कवर ग्रब बसवायचा ते डिस्कच्या ओळखीने लक्षात ठेवतं, त्या ओळखीत डिस्कचा अनुक्रमांक असतो. क्लोननंतर ती डिस्क मशिनात नसते. अपडेट आला की /बूट/ग्रबमधली मॉड्यूल्स नवी होतात, एसएसडीच्या सुरुवातीचा गाभा जुनाच राहतो, आणि दोघांचं जमत नाही. जुलै २०२०च्या ग्रबच्या मोठ्या सुरक्षा अपडेटनंतर जगभर हेच ‘ग्रब_कॅलॉक’च्या नावाने झालं होतं. उपाय: ‘सुडो डीपीकेजी-रिकॉन्फिगर ग्रब-पीसी’, आणि यादीत नव्या एसएसडीवर स्पेस बारने खूण. क्लोन केलेल्या प्रत्येक मशिनवर हे त्याच दिवशी करून टाका.

इथं थांबा

डिस्कमधून टिकटिक किंवा खरखर आवाज येतोय: वीज काढा. पुन्हा सुरू करून बघू नका, “एकदाच” सुद्धा नाही. अशी डिस्क उघडायला क्लीन रूम लागते, कोपऱ्यावरच्या दुकानात ती नसते. कुणी समोर स्क्रू काढायला लागलं तर डिस्क परत मागा.

१९७ चा आकडा शून्यापेक्षा जास्त आहे, पण डिस्क शांत आहे: ज्याला ‘डीडीरेस्क्यू’ने पूर्ण डिस्कची प्रत काढता येते अशा माणसाला बोलवा. दुरुस्ती प्रतीवर करायची, मूळ डिस्कवर नाही.

दोन डिस्कांची रेड (दोन्ही एकत्र जोडलेल्या) आहे, किंवा डिस्क कूटबद्ध आहे आणि बरोबर पासवर्ड देऊनही उघडत नाही: स्वतः काही लिहू नका. एलयूकेएसचा हेडर (किल्लीची माहिती असलेला डिस्कच्या सुरुवातीचा भाग) गेला आणि त्याची प्रत नसेल तर कुणालाच काही करता येत नाही, आणि चुकीच्या डिस्कवर दिलेली एक आज्ञा तो हेडर पुसू शकते.

जीएसटीचा, पगाराचा, उधारीचा एकुलता एक डेटा त्या मशिनवर आहे आणि सहाव्या पायरीत माउंटच झालं नाही: तिथंच थांबा.

बोलावलेल्या माणसाला सुरुवातीचा फोटो, स्मार्टचा अहवाल आणि आतापर्यंत दिलेल्या आज्ञांची यादी द्या. डिस्क सोपवताना कागदावर ठळक लिहा: विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.